सीएसआरचे (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचे) पैसे मिळतायत, पण माणसाच्या पगाराला नाहीत. घ्यायचे का?

क्वारीरोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तुर्भे स्टोअर, इंदिरानगर आणि त्यामागच्या दगडखाणींच्या वस्त्यांत आमची छोटी संस्था काम करते. नाव मुद्दाम देत नाही, कारण एका कंपनीशी बोलणी चालू आहेत. खाणी बंद झाल्या, त्यावर जगणारी माणसं मात्र तिथंच राहिली. पुरुष नाक्यावर नाहीतर एपीएमसीत, बायका वाशी-सानपाड्याला घरकामाला.

आमचं काम सांगायला गेलं की समोरच्याचा उत्साह मावळतो, कारण दाखवण्यासारखं काही नसतं. आम्ही लोकांची कागदपत्रं करून देतो. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, विधवा बाईची संजय गांधी निराधार योजनेची फाइल, नाका कामगाराची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी. ऐकायला सोपं वाटतं. मध्यंतरी वडार समाजातल्या एका मुलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. विमुक्त जातींना १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा दगड फोडत गावोगाव हिंडलेले, शाळेची पायरी चढले नाहीत. शेवटी आमची कार्यकर्ती मुलीच्या काकाला घेऊन सोलापूरकडच्या त्यांच्या गावी गेली. शाळेच्या जनरल रजिस्टरात चुलत आजोबांची नोंद निघाली, तेवढ्यावर वंशावळ जोडून काम झालं. खर्च म्हणाल तर एसटीचं भाडं आणि त्या कार्यकर्तीचा पगार.

आता मुद्दा. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातली एक कंपनी आम्हाला बारा लाख द्यायला तयार आहे. त्यात पंचवीस शिलाई मशीन, मुलांना टॅब, दप्तरं आणि एक कार्यक्रम. पगाराला पाच टक्क्यांच्या वर काही नाही, "नियमच तसा आहे." विश्वस्तांत दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. निम्मे म्हणतात, मशीन वाटायला आपण दुकान काढलंय का? मी दुसऱ्या गटात, पण दोन्ही कार्यकर्त्यांचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत, त्यामुळे आवाज जरा खालीच आहे.

अनुभवी लोकांनी सांगावं. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिघा, कुठेही काम करणाऱ्यांनी लिहावं.

घंटाळीकर

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सेतू केंद्रं आहेत, तहसील आहे, नगरसेवकाची ऑफिसं आहेत. तुम्ही सरकारचं काम फुकटात करणार आणि त्यासाठी कंपनीकडे पगार मागणार, हे गणित मला पटत नाही. सरकारला धारेवर धरा. ठाण्यात कुठल्याही नाक्यावर उभं राहिलं तर तीन संस्थांचे बोर्ड दिसतात, गरिबी जिथल्या तिथे.

माजी_सीएसआर

मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या, म्हणजे सीएसआरचे पैसे देणाऱ्या बाजूला होतो, म्हणून लिहितो.

आधी तो पाच टक्क्यांचा घोळ. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालच्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर. त्यांच्या मॅनेजरचा पगार, त्यांचा प्रवास वगैरे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला जो खर्च येतो तो यात धरतच नाहीत. तुमची वस्तीत फिरणारी कार्यकर्ती म्हणजेच प्रकल्प. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकातही हे स्पष्ट केलंय. तरी निम्म्या कंपन्यांमध्ये ही समजूत घट्ट बसलीय, आणि खरं सांगायचं तर काहींना ती सोयीची पडते.

तेव्हा बजेटमध्ये "प्रशासकीय खर्च" या शीर्षकाखाली तिचा पगार कधीही टाकू नका. "समुदाय कार्यकर्ती मानधन" म्हणून प्रकल्प खर्चात लिहा. अकाउंटंटची फी, ऑफिसचं भाडं वेगळं दाखवा, त्यावर घासाघीस होईल ती होऊ दे.

दुसरं, ते तुम्हाला जानेवारी-फेब्रुवारीत भेटलेत का? तसं असेल तर मशीन का, हे उघड आहे. ज्या कंपन्यांना सीएसआर लागू होतो (नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक), त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात. वर्षअखेर उरलेले पैसे चालू प्रकल्पाचे नसतील तर सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावे लागतात. मशीनचं बिल ३१ मार्चच्या आत फाडता येतं, पगाराचं बिल वर्षभर चालतं. म्हणून फेब्रुवारीत सगळ्यांना शिलाई मशीन आठवतं.

यावर कायद्यातच तोड आहे. प्रकल्प "ऑनगोइंग", म्हणजे एका वर्षाहून जास्त चालणारा, म्हणून मंजूर करून घ्या. मग न खर्चलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. हे त्यांच्या बोर्डाने ठरवायचं असतं, तुमच्याशी बोलणाऱ्या त्यांच्या मॅनेजरच्या हातात नसतं, म्हणून डिसेंबरच्या आत विषय काढा. सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे, त्यातली पहिलीच बाब भूक, गरिबी आणि कुपोषण निर्मूलनाची आहे, तुमचं काम त्यात सरळ बसतं.

विटावा_बचतगट

मशीनबद्दल मी सांगते. आमच्या गल्लीत मागे एका कार्यक्रमात अशीच मशीन वाटली. फोटो झाले, नाश्ता झाला. आज येऊन बघा. एकीच्या मशीनवर टीव्ही ठेवलाय, एकीने नणंदेला गावी दिलं, दोघींचं प्लॅस्टिकचं कव्हर अजून निघालेलं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पायाचं मशीन ठेवायचं कुठे? चालतंय फक्त त्या एकीचं, जी आधीपासून पिको-फॉल करत होती.

बायकांना शिवता येत नाही असं नाही हो. कळव्याच्या बाजारात तयार ब्लाउज किती स्वस्त मिळतो ते बघा. ऑर्डर आणायला, माल पोचवायला, पैसे वसूल करायला माणूस लागतो. त्या माणसाला कोण देतं पैसे? कोणी नाही. आमच्या गटाला शहरी उपजीविका अभियानातून दहा हजार फिरता निधी मिळाला होता, त्यातून आम्ही मशीन नाही घेतलं, कापड घेतलं.

ताळेबंद

मी सीए, ठाण्यातच प्रॅक्टिस आहे, संस्थांची ऑडिट करतो. माजी_सीएसआर यांनी लिहिलंय त्याला दुजोरा. पण पैसे मागण्याआधी स्वतःचं घर बघा. सीएसआर घ्यायला तुमच्याकडे आयकर खात्याची १२ए (आता १२एबी, संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही हवेत, सारख्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घेतलेला हवा. हे १ एप्रिल २०२१ पासून. एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा आयडी सरकारी योजनांना लागतो आणि कंपन्याही हल्ली मागतात.

माझ्याकडे येणाऱ्या संस्था यात कमी अडकतात. अडकतात ते बदल अहवालात. विश्वस्त वारले, कोणी पुण्याला गेले, नवे घेतले, ठराव झाला, चहा झाला आणि कागद फाइलमध्येच राहिला. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. मग अनुदान मंजूर होतं, कंपनी परिशिष्ट १ चा (विश्वस्तांची नावं असलेला) ताजा उतारा मागते, त्यावर स्वर्गवासी अध्यक्षांचं नाव. बँकेत सही करणारे वेगळेच. बदल अहवाल दाखल केल्यावर मंजुरीलाही वेळ लागतो, तेव्हा आजच उतारा काढून बघा.

क्वारीरोड ताई, तुमची १२एबी-८०जीची मुदत केव्हा संपतेय? पूर्वीसारखी कायमची नोंदणी आता नसते, पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२५ च्या वित्त कायद्याने वार्षिक उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या संस्थांना १२एबी साठी दहा वर्षं दिलीत, ८०जी चं मात्र वेगळं मोजा.

जर्सीसिटीकर

मी मूळचा नेरुळचा. इथे मराठी मंडळात आम्ही पाचसहा जण मिळून एका कार्यकर्तीचा वर्षाचा पगार सहज उचलू. खातं सांगा, पाठवतो.

ताळेबंद

@जर्सीसिटीकर, थांबा जरा, भावनेच्या भरात पाठवू नका. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने दिलं तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत संस्थेने फाइलला लावून ठेवावी. ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलंय, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, त्यांचे पैसे एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्यात येतात. मंडळाच्या खात्यातून आले तरीही तेच. एफसीआरए नोंदणी नसताना असे पैसे खात्यात आले की संस्था अडचणीत.

आणि "मोठ्या संस्थेकडे पाठवतो, ती यांना देईल" हा रस्ताही बंद आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देता येत नाही, दुसरीकडे एफसीआरए असलं तरी. स्वतः नोंदणी घ्यायची तर तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान पंधरा लाख खर्च दाखवावा लागतो. तुर्भ्याच्या वस्तीतली संस्था पंधरा लाख कुठून दाखवणार?

जर्सीसिटीकर

बापरे. बरं, आमच्यातले दोघे भारतीय पासपोर्टवालेच आहेत. त्यांच्याशी बोलतो. बाकीच्यांनी सुट्टीत येऊन श्रमदान करावं.

क्वारीरोड

सगळ्यांचे आभार. ताळेबंद काका, उतारा काढला. तुम्ही लिहिलंत तेच निघालं, एक नाव वारलेल्या काकांचं आहे. कामाला लागलोय.

घंटाळीकर, राग नाही. पण सेतू केंद्रात अर्ज घेतात, पुरावा शोधायला सोलापूरला कोणी जात नाही. आणि नाका कामगाराचं बघा. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीला मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. हा माणूस आज सीवूड्सला, उद्या घणसोलीला, परवा कुठेच नाही. दर दिवशी मुकादम वेगळा, आणि मुकादम सही द्यायला घाबरतो की आपलंच नाव कुठेतरी चढेल. मंडळाकडे पैसा आहे, तो बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून येतो, म्हणजे समोर उभ्या राहिलेल्या टॉवरमधूनच. ज्याने टॉवर बांधला त्याच्यापर्यंत तो पोचायला मध्ये एक सही कमी पडते. आमची कार्यकर्ती सकाळी सातला तुर्भे नाक्यावर उभी राहून मुकादमांना गाठते. याला सरकारचं काम म्हणा नाहीतर आणखी काही, करतंय कोण ते सांगा.

एक हिशेबही मांडते. निराधार योजनेत विधवा बाईला महिना १,५०० मिळतात, वर्षाचे अठरा हजार. एका कार्यकर्तीने वर्षात चाळीस फाइली मंजूर करून आणल्या असं धरा. दर वर्षी सात लाख वीस हजार रुपये वस्तीत येतात, आणि त्या बाया पात्र आहेत तोवर येत राहतात. तिचा पगार अठरा हजार धरला तरी वर्षाचा दोन लाख सोळा हजार. एवढा परतावा कुठल्या शिलाई मशीनचा आहे?

माजी_सीएसआर

हा शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा प्रस्तावात टाका. खरंच. "सक्षमीकरण", "समग्र विकास" असले शब्द आम्ही वाचायचोसुद्धा नाही, नजर सरळ बजेटवर जायची. रुपयाला किती रुपये आले हे फायनान्सवाल्याला कळतं. फक्त चाळीसचा आकडा तुमच्या रजिस्टरमधून सिद्ध करता आला पाहिजे. अर्ज कधी दिला, मंजूर कधी झाला, पहिला हप्ता कधी जमा झाला, पासबुकाच्या पानाची प्रत. मंजुरीवर थांबू नका, पैसे खात्यात आले तरच मोजा.

घंटाळीकर

हिशेब पटला. तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. कंपनीने तीन वर्षांनी हात काढला की काय? महापालिकेला बरोबर घेतल्याशिवाय हे टिकत नाही. आमच्या तीन हात नाक्याच्या पुलाखालची सिग्नल शाळा बघा. समर्थ भारत व्यासपीठाने २०१६ मध्ये ठाणे महापालिकेबरोबर सुरू केली, पुलाखाली कंटेनरमध्ये वर्ग. संस्था चालवते, पण पालिकेचा हात आहे म्हणून जागा मिळाली. तुमच्याकडे नवी मुंबईत समाजविकास विभाग आहे ना? एखादा गाळा, एखादं समाजमंदिर आठवड्यातून दोन दिवस मिळालं तरी भाडं वाचेल.

क्वारीरोड

हे मात्र आमच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही पालिकेकडे गेलो ते नेहमी तक्रार घेऊनच. विचारून बघते.

सेक्टर_सतरा

मी संस्थेची नाही, वाशीतल्या सोसायटीत राहते. आम्ही वीसेक घरं मिळून एका अभ्यासिकेला महिना पाचशे देतो, बँकेतून आपोआप वळते. सगळ्यात मोठा धडा म्हणजे लोकांना ८०जीची पावती दाखवून काही उपयोग नाही. नवीन करप्रणालीत ८०जीची सूट मिळतच नाही आणि २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट आहे. पगारदार माणूस आता कर वाचवायला देणगी देत नाही. देतो तो ओळखीखातर. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींचा मुलगा त्या अभ्यासिकेत बसतो, म्हणून लोक देतात. तुमच्या बायका आमच्याच सोसायट्यांत कामाला येतात, ताई. तिथूनच सुरुवात करा. या पैशावर कोणी अट घालत नाही, थकलेला पगार यातूनच निघेल.

माजी_सीएसआर

+१. शिवाय दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनसाठी संस्थांना धावपटूंमार्फत निधी उभारता येतो, पण आधी धावपटूंच्या जागा घेण्याचे पैसे घालावे लागतात, पहिल्या वर्षी झेपत नाही. सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल (शेअर बाजारातला संस्थांनी निधी उभारण्याचा विभाग) कोणी विचारायच्या आत सांगतो, तिथला इश्यू किमान पन्नास लाखांचा. आपल्यासाठी नाही.

दिघा_पटनी

फोटोचं काय करता तुम्ही लोक? आम्हाला देणगीदाराने बायकांचे चेहरे दिसणारे फोटो मागितले, "आधी-नंतर" असे. एक बाई रडायलाच लागली, म्हणाली माझ्या मुलीच्या सासरी बघितलं तर? आम्ही हात आणि कागद दिसणारे फोटो पाठवले. पुढचा हप्ता उशिरा आला, पण आला.

विटावा_बचतगट

बरोबर केलंत. गरिबीचं प्रदर्शन मांडून मदत घ्यायची नाही.

क्वारीरोड

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कंपनीबरोबर दुसरी बैठक झाली. माजी_सीएसआर यांनी सांगितल्याप्रमाणे बजेट नव्याने मांडलं, हिशेबाचं पान सगळ्यात वर ठेवलं. त्यांच्या फायनान्सच्या बाई स्वतःहून म्हणाल्या की पाच टक्के आमचे, यांचे नाहीत. एचआरवाले गप्प बसले. ठरलं ते असं: एका कार्यकर्तीचं पूर्ण मानधन आणि दुसरीचं अर्ध, प्रवास आणि झेरॉक्सचा खर्च, टॅब रद्द, दप्तरं कमी, आणि मशीन पंचवीसवरून आठ. आठच्या खाली यायला ते तयार नाहीत, त्यांना उद्घाटन करायचंय. पैसे दोन हप्त्यांत, दुसरा हप्ता पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रानंतर (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला). ऑनगोइंगचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. उरलेल्या अर्ध्या पगारासाठी सेक्टर_सतरा यांच्या पद्धतीने सानपाड्यातल्या दोन सोसायट्यांशी बोललेय. पहिलीच्या सेक्रेटरींनी रविवारी सभेत विषय घेतो म्हटलंय.

विश्वस्तांतले एक जण अजून नाराज आहेत की एवढ्या मोठ्या रकमेला आपण कात्री लावून घेतली. असू दे.

दोन शंका. मशीन कोणाच्या नावावर घ्यायची? आणि पैसे आमच्या सध्याच्याच बँक खात्यात घेतले तर चालतील?

ताळेबंद

मशीन व्यक्तीच्या नावावर नको. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता संस्थेच्या, लाभार्थींच्या बचत गटाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर असावी असा नियम आहे. बचत गट असेल तर गटाच्या नावावर घ्या, ठराव करून घ्या. पैसे त्याच खात्यात आले तरी कायद्याने अडत नाही, पण वेगळं खातं काढलंत तर उपयोगिता प्रमाणपत्र देताना माझ्यासारख्याचं डोकं कमी फिरेल. मानधन बँकेतूनच द्या, रोख नको. आणि सोसायटीवाल्यांच्या पावत्या नीट ठेवा. ८०जी देणग्यांचं १०बीडी विवरणपत्र ३१ मेच्या आत भरायचं, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये लागतात.

विटावा_बचतगट

आठ मशीन घेताच आहात तर सगळी साधी घेऊ नका. दोन ओव्हरलॉक घ्या आणि सगळी एकाच खोलीत ठेवा, घरोघरी वाटू नका. पावणे-रबाळ्याला कंपन्यांच्या युनिफॉर्मचं काम निघतं, पण कडा ओव्हरलॉक केल्याशिवाय कोणी माल घेत नाही. खोली ठरली की सांगा, मी येऊन बघते, वीज किती लोडची आहे ते आधी विचारून ठेवा.